सुरक्षितता कुणाची?

(मुरुड, जि. लातूर येथे बचत गटांतल्या आणि भंगार गोळा करणाऱ्या महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मघाशी मी फळ्यावर विषय लिहिला, 'किरणोत्सारी दहशतवाद आणि सार्वजनिक सुरक्षितता'. तो वाचून पुढे बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "बाई, आम्ही पत्रा-बाटली गोळा करणाऱ्या. अतिरेकी, बॉम्ब हे पोलिसांचं काम. ते आम्हाला कशाला सांगता?"

मावशींचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते. ज्या वस्तूची पोलिसांना आणि सरकारला भीती वाटते, ती वस्तू अतिरेक्याच्या हातात पडल्याची उदाहरणं जगात फार थोडी आहेत. भंगार फोडणाऱ्या गरिबाच्या हातात ती पडल्याची उदाहरणं मात्र पुष्कळ आहेत, आणि त्यात माणसं मेलेली आहेत. म्हणून सुरक्षिततेची चर्चा करायची तर ती तुमच्याशिवाय होऊच शकत नाही.

आधी ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. काही धातूंतून आणि पदार्थांतून आपोआप किरणं बाहेर पडत असतात. त्याला किरणोत्सर्ग म्हणतात. ही किरणं दिसत नाहीत, त्यांना वास नाही, चटका बसत नाही. चुलीजवळ फार वेळ बसलं तर अंग भाजतंय हे कळतं आणि आपण सरकतो. इथे तसं कळत नाही, म्हणून माणूस सरकत नाही. कोबाल्ट-६० आणि सीझियम-१३७ ही अशा पदार्थांची दोन नावं. कोबाल्टचा जोर निम्मा व्हायला सव्वापाच वर्षं लागतात, सीझियमचा निम्मा व्हायला तीस वर्षं. कॅन्सरच्या उपचाराच्या काही मशिनींत, कारखान्यांतल्या तपासणीच्या यंत्रांत, प्रयोगशाळांत त्यांचा उपयोग होतो. शिशाच्या जाड कवचात ती ठेवलेली असतात, तोवर भीती नाही. कवच फुटलं की धोका सुरू होतो.

आता 'डर्टी बॉम्ब' म्हणजे काय? साध्या स्फोटकाभोवती असा किरणोत्सारी पदार्थ ठेवायचा आणि स्फोटाबरोबर तो आसपास उडवायचा. हा अणुबॉम्ब नव्हे. हिरोशिमासारखं शहर त्यात भस्म होत नाही. त्यात माणसं मरतील ती बहुतेक स्फोटानेच. उडालेली धूळ मात्र रस्त्यावर, घरांवर, कपड्यांवर बसेल, ती साफ करायला महिने जातील, आणि सगळ्यात जास्त पसरेल ती भीती. असा बॉम्ब आजवर जगात कुठेही फुटलेला नाही. १९९५ साली मॉस्कोच्या एका बागेत चेचेन बंडखोरांनी सीझियमचं पाकीट पुरून ठेवलं आणि दूरदर्शनवाल्यांना कळवलं. स्फोट केला नाही. करायची गरजही नव्हती, कारण बातमीनेच काम झालं. दहशतवादाचं खरं हत्यार भीती हेच असतं. ते हत्यार बोथट करायचं तर माहिती हवी, आणि ती सगळ्यांकडे हवी.

भंगारात हा पदार्थ कुठून येणार, असं तुम्ही म्हणाल. दिल्लीची गोष्ट सांगते. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९६८ सालचं एक यंत्र होतं. त्यात कोबाल्ट-६० होतं. १९८५ पासून ते बंद पडून होतं. त्यात काय आहे हे माहीत असलेली माणसं विभागातून गेली असतील, कागद फडताळात राहिले असतील. २०१० च्या फेब्रुवारीत विभागाने जुन्या सामानाबरोबर ते लिलावात काढलं. भंगारवाल्यांनी घेतलं आणि मायापुरीच्या भंगार बाजारात नेऊन फोडलं. शिसं वेगळं काढलं, कारण शिशाला भाव असतो. आतले चकचकीत तुकडे हाताळले. थोड्याच दिवसांत माणसांना उलट्या सुरू झाल्या, कातडी काळी पडली, केस गळाले. एका कामगाराचा एप्रिलमध्ये मृत्यू झाला, आणखी सात जण आजारी पडले.

यात अतिरेकी कोण होता? कुणीच नाही. ज्यांनी लिलाव केला ती शिकलेली माणसं होती. ज्यांनी यंत्र फोडलं त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. चूक वर झाली आणि जीव खाली गेला. आपल्या समाजात हे नवं नाही.

आपल्या महाराष्ट्रातही हा धागा येतो. २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत किरणोत्सर्ग सापडला. ती बटणं हाताळणाऱ्या तिथल्या वीस कामगारांना मर्यादेपेक्षा जास्त किरणं लागली होती. बटणांचं पोलाद भारतातून गेलेलं होतं, आणि तपास रायगड जिल्ह्यातल्या खोपोलीच्या एका ओतकामाच्या कारखान्यापर्यंत आला. भंगार वितळवताना त्यात कोबाल्टचा तुकडा गेला होता. फ्रान्सच्या कामगारांची मोजणी झाली, त्याच्या बातम्या आल्या. तो तुकडा कारखान्यात पोचण्याआधी किती हातांतून गेला असेल, कुणी उचलला, कुणी वजन केला, कुणी टेम्पोत चढवला, याचा विचार करून बघा. ते हात बातमीत आले नाहीत.

चोरी झाली तरी चोराला काय चोरलं ते माहीत नसतं. २०१३ च्या डिसेंबरात मेक्सिकोत चोरांनी एक ट्रक पळवला. त्यांना ट्रक हवा होता. त्यात रुग्णालयाचं जुनं कोबाल्ट मशीन होतं. जगभर अतिरेक्यांच्या नावाने धावपळ झाली, आणि शेवटी तो कोबाल्ट कवचाबाहेर काढलेला, एका शेतात टाकलेला सापडला.

आता मी तुम्हाला एका बाईबद्दल सांगणार आहे. आजच्या भाषणातलं दुसरं काही विसरलात तरी चालेल, पण तिला विसरू नका.

ब्राझील देशात गोयानिया नावाचं शहर आहे. १९८५ साली तिथल्या एका खाजगी उपचार केंद्राने जागा बदलली आणि कॅन्सरचं जुनं मशीन पडक्या इमारतीत तसंच टाकून दिलं. १९८७ च्या सप्टेंबरात दोन गरीब माणसांनी भंगार म्हणून त्याचा भाग काढून विकला. भंगारवाल्याच्या आवारात तो फुटला. आत सीझियमची भुकटी होती, अंधारात निळी चमकणारी. लोकांना ती नवलाची वाटली. शेजारीपाजारी बघायला आले. भुकटी वाटली गेली, पोरांनी अंगाला लावली. एका सहा वर्षांच्या मुलीने त्याच हातांनी जेवण केलं.

भंगारवाल्याच्या बायकोच्या लक्षात आलं की ही वस्तू घरात आल्यापासून आपण सगळेच आजारी पडतोय. दवाखान्यात कुणी खाण्यातून झालं म्हणत होतं, कुणी साथीचं म्हणत होतं. तिने मात्र उलट्या आणि ती वस्तू यांची सांगड घातली. २८ सप्टेंबरला तिने तो भाग पिशवीत घालून घेतला, आवारातल्या एका कामगाराला बरोबर घेतलं, बसने सरकारी आरोग्य कार्यालय गाठलं आणि डॉक्टरच्या टेबलावर पिशवी ठेवून सांगितलं की हीच आमच्या माणसांना मारतेय. दुसऱ्या दिवशी एका भौतिकशास्त्रज्ञाने तपासणी केली आणि सगळं उघडकीला आलं. एक लाख बारा हजारांवर लोकांची तपासणी झाली, २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात ते विष सापडलं.

चौघांचा मृत्यू झाला. ती बाई, ती सहा वर्षांची मुलगी आणि आवारात काम करणारे दोन तरुण. बाई आणि मुलगी एकाच दिवशी गेल्या, २३ ऑक्टोबरला. शिशाच्या पेट्यांत त्यांना पुरायला नेलं, तेव्हा स्मशानापाशी जमावाने दगडफेक केली. आमच्या मातीत यांना पुरू नका म्हणून.

मैत्रिणींनो, शहर वाचवलं एका भंगारवालीने, आणि शहराने तिच्या पेटीवर दगड मारले. पुढे त्या शहरातल्या माणसांना दुसऱ्या गावच्या हॉटेलांत जागा मिळेना, तिथल्या मालाला गिऱ्हाईक मिळेना. बहिष्कार ही काय चीज असते ते आपल्याला वेगळं सांगायला नको. इथे बसलेल्या कितीजणींनी तो वेगळ्या कारणांनी भोगलाय.

म्हणून मी म्हणते की या विषयात दोन धोके आहेत. एक किरणांचा, दुसरा अज्ञानातून येणाऱ्या वागणुकीचा. दुसरा आपल्या घरातही आहे. आपल्या भागातल्या कितीतरी बायका गर्भाशयाच्या मुखाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरवर उपचार घ्यायला बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात जातात. कुणी त्याला लाईट घेणं म्हणतं, कुणी शेक. ती बाई घरी आली की तिचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं, नातवाला जवळ घेऊ देत नाहीत. का, तर तिच्या अंगातून किरणं येतील. हे साफ चूक आहे. बाहेरून मशीनने किरणं दिली की ती अंगात साठत नाहीत. उन्हातून घरात आलेली बाई घरात ऊन घेऊन येते का? तसंच हे. थायरॉईडच्या एका उपचारात औषधच किरणोत्सारी असतं, तिथे डॉक्टर सांगतील तेवढे दिवस अंतर ठेवायचं, बस. बाकी सगळ्या बाळगलेल्या भीतीचा भार त्या आजारी बाईने का वाहायचा? हीच किरणं तिचा जीव वाचवतात. आपला राग मशिनीवर नाही, ती बेवारस टाकणाऱ्या कारभारावर आहे.

आता पोलिसांची बाजू. २०२१ च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने मुंबई-ठाण्यात सात किलो शंभर ग्रॅम युरेनियम पकडलं. किंमत एकवीस कोटींच्या वर सांगितली गेली. भाभा अणुसंशोधन केंद्राने ते नैसर्गिक युरेनियम असल्याचं सांगितलं. दूरदर्शनच्या वाहिन्यांवर लगेच बॉम्बच्या गोष्टी सुरू झाल्या. असा माल बेकायदा कुणाकडे असणं गंभीरच आहे, त्याचा तपास झालाच पाहिजे. पण नैसर्गिक युरेनियमची किरणं फार दुबळी असतात. मायापुरीच्या त्या कोबाल्टच्या तुकड्यासमोर ते काहीच नाही. त्याच वर्षी झारखंडात बोकारोला 'युरेनियम' पकडल्याचा गाजावाजा झाला, आणि नंतर सरकारनेच सांगितलं की ते युरेनियम नव्हतं. तोवर अटका होऊन गेल्या होत्या.

मला यातून एवढंच म्हणायचंय की नुसत्या संशयाने सुरक्षितता येत नाही. अशा बातमीनंतर पहिला संशय जातो भंगारवाल्यावर, फिरस्त्यावर, मुसलमान वस्तीवर, पारध्याच्या पालावर. आणि ज्या माणसाला माहीत आहे की पोलिसांत गेलं तर आपणच आत जाऊ, तो माणूस विचित्र वस्तू सापडली तर कळवेल का? तो गुपचूप विकून मोकळा होईल, नाहीतर नाल्यात टाकेल. भीती दाखवून कारभार केला की माहिती दडते, आणि दडलेली माहिती अतिरेक्याच्याच कामाची असते. ब्राझीलच्या त्या बाईवर आरोग्य कार्यालयाने आधी केस केली असती, तर पुढच्या बाईने पिशवी आणली असती का?

पुण्याचं उदाहरण आपल्यासमोर आहे. १९९३ साली तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यातल्या कित्येक बाया १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून गेलेल्या कुटुंबांतल्या. त्यांनी झगडून महापालिकेने मान्य केलेलं ओळखपत्र मिळवलं. ओळखपत्र असलेली बाई पोलिसासमोर ताठ उभी राहते. मला विचाराल तर किरणोत्सर्गापासूनच्या सुरक्षिततेची पहिली पायरी ते ओळखपत्र आहे.

आता कामाचं बोलू. ओळखायचं कसं?

जी वस्तू आकाराच्या मानाने फारच जड आहे, जिच्यात जाड शिसं आहे, जी रुग्णालय, कॉलेज किंवा कारखान्याच्या सामानातून आलीय आणि जिच्यावर पिवळ्या रंगात तीन पात्यांची खूण आहे, ती फोडायची नाही. ती खूण बघून आपल्यापैकी अनेकींना पंख्याची आठवण येईल. यात तुमचं चुकत नाही. ही खूण न शिकलेल्या माणसाला काही सांगत नाही हे जगाच्याही लक्षात आलं. म्हणून २००७ साली लाल रंगाची नवी खूण काढली गेली. वरून येणारी किरणं, कवटी आणि पळणारा माणूस. ती यंत्राच्या आतल्या भागावर लावतात, म्हणजे फोडायला बसलेल्या माणसाला दिसावी. दोन्ही खुणा मी आज कागदावर काढून आणल्यात. गोदामाच्या दारावर चिकटवा. एक लक्षात ठेवा, जुन्या एक्स-रे मशिनीत असा पदार्थ नसतो. वीज बंद की किरणं बंद. उगाच सगळ्याच मशिनींना घाबरू नका.

शंका आली तर हात लावू नका, सगळ्यांना लांब न्या, पोरांना आणि गरोदर बाईला सगळ्यात आधी. ११२ ला फोन करा. ती वस्तू बसमध्ये घालून नेऊ नका, विहिरीत किंवा नाल्यात टाकू नका. ब्राझीलच्या त्या बाईकडे दुसरा मार्ग नव्हता, आपल्याकडे आहे. हात लागला असेल तर कपडे काढून पिशवीत बांधून बाजूला ठेवा, साबणाने अंग धुवा, तोवर काही खाऊ नका, तंबाखू मळू नका. आणि एकाच गोदामातल्या दोघा-तिघांना उलट्या, भाजल्याशिवाय भाजल्यासारखी जखम, केस गळणं असं काही झालं तर डॉक्टरला आपण होऊन सांगा, 'मी भंगाराचं काम करते.' तुम्ही काय काम करता हे फार थोडे डॉक्टर विचारतात. बाईला तर 'उन्हाचं झालंय, घरी जा' म्हणून गोळ्या देतात.

कुठे खरंच स्फोट झाला आणि असा पदार्थ असल्याचं सांगितलं गेलं, तर पळत सुटू नका. जवळच्या पक्क्या घरात जा, दारं-खिडक्या लावा, वरचे कपडे काढून टाका, अंग धुवा आणि रेडिओ-फोनवर काय सांगतात ते ऐका. वरचे कपडे काढले की बरीचशी धूळ निघून जाते.

इथेच एक गोष्ट सांगितली पाहिजे. अशा वेळी सरकारी पथक येतं आणि लोकांना कपडे काढून आंघोळ करायला सांगतं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अशा कामाचं प्रशिक्षण घेतलेली तुकडी पुण्याजवळ आहे. आता डोळ्यांसमोर आणा, भर रस्त्यात, गणवेशातल्या पुरुषांसमोर आपल्या बाईला लुगडं सोडायला सांगितलं, तर ती सोडेल का? ती अंगावर विष घेऊन घरी जाईल, पण सोडणार नाही. मग पोरांना कवटाळेल, स्वयंपाक करेल. म्हणजे आडोसा, बाईमाणूस आणि कोरडं लुगडं या तीन गोष्टी नसतील तर सगळं शास्त्र फुकट. ही चैनीची मागणी नाही, ती सुरक्षिततेचीच मागणी आहे. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात आपल्या आयाबहिणींनी उघड्यावर दिवस काढले, त्यांना विचारा. तेव्हा आज रात्री पुन्हा धरणी हलणार, उद्या हलणार अशा अफवांनी लोक महिनोन्महिने अंगणात झोपले. खरी माहिती देणारा कुणी नसला की अफवा राज्य करते. इथे तर धोका दिसतसुद्धा नाही, मग अफवेला काय अडवणार?

म्हणून आपल्या मागण्या सरळ आहेत. ग्रामपंचायतीने आणि तालुक्याने भंगार गोळा करणाऱ्या प्रत्येकीची नोंद करून ओळखपत्र द्यावं. गोदामांत या खुणांची चित्रं मराठीत आणि उर्दूत लावावीत. जुनी वस्तू कळवणाऱ्यावर केस होणार नाही, उलट तिच्या मालाची भरपाई मिळेल, असं पोलीस ठाण्याने लेखी सांगावं. सरकारी दवाखान्यांतल्या डॉक्टरांना या आजाराची लक्षणं शिकवावीत. जिल्ह्याच्या आपत्तीच्या आराखड्यात बायकांच्या आडोशाची आणि महिला कर्मचाऱ्यांची तरतूद असावी. आणि ज्या संस्थांकडे अशी यंत्रं आहेत त्यांनी ती भंगारात काढण्याआधी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीचा कागद दाखवावा. हे मंडळ १९८३ साली स्थापन झालं, नियम आहेत. मायापुरीत नियम नव्हते म्हणून माणूस मेला नाही, नियम विसरले गेले म्हणून मेला.

मावशी, तुम्ही विचारलंत की हे आम्हाला कशाला सांगता. वाड्यावरची, कारखान्यातली, कॉलेजातली प्रत्येक टाकलेली वस्तू पहिल्यांदा तुमच्या हातात येते. सरकारच्या यंत्रात ती दिसायच्या कितीतरी आधी तुमच्या काट्यावर तिचं वजन होतं. तुम्ही या देशाच्या पहिल्या पहारेकरी आहात, फक्त तुम्हाला पगार नाही, शिटी नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

आता चहा घेऊ. जाताना ही चित्रं प्रत्येकीने दोन-दोन न्या. एक स्वतःच्या गोदामासाठी आणि एक अशा बाईसाठी, जी आज इथे आलेली नाही.